मंडईचा निरोप

शिंगाडे बाजारात आले, की मला कॅलेंडर पाहावं लागत नाही. दिवाळी सरते न सरते तोच बालाघाटच्या बाजारात बायका टोपल्या मांडून बसतात, उकडलेल्या शिंगाड्यांचा मातकट वास कचेरीच्या फाटकापर्यंत येतो, आणि शेजारच्या टेबलावरचे बाबू विचारतात, या वर्षी तुमच्या गावची मंडई कधी? प्रश्न हिंदीत असतो, उत्तरही हिंदीत द्यायचं असतं. मी दरवर्षी वार आणि तारीख पूर्ण सांगतो. अगदी दुसऱ्याच दिवशी मंडई असली, तरी तारीखच सांगतो. बाबू म्हणतात, तुम्ही फार कायदेशीर माणूस आहात. असेन.

मंडई म्हटलं की मुंबईकडच्या माणसांना भाजीबाजार आठवतो. आमच्याकडे मंडई म्हणजे गावाच्या देवीचा दिवस. भाऊबीज झाली की वैनगंगेच्या दोन्ही अंगांच्या गावांमधून मंडया सुरू होतात, आज या गावची, परवा त्या गावची, आणि पाहुणे एका गावाहून उठून दुसऱ्या गावी जातात. गुरं राखणारे गोवारी लोक ढाल घेऊन निघतात. ढाल म्हणजे लढाईतली नव्हे. उंच बांबू, त्याला मोरपिसं आणि रंगीत चिंध्या बांधलेल्या. पुढे डफडी, बासऱ्या, कवड्यांचे पट्टे घातलेले नाचे, मागे सगळा गाव. मिरवणूक देवीच्या पारावर जाते, नारळ फुटतात, आणि मग उसाची कांडी, फुटाणे, गुळाची शेव, पत्र्याच्या पिपाण्या यांचा एकच कल्लोळ. धानाची कापणी ऐन रंगात असते. खरं तर या दिवसांत कोणालाच फुरसत नसते, तरीही विळे आढ्याला खोचून माणसं मंडईला येतात. उभ्या धानात फेकलेली लाखोरी डाळ तोवर बोटभर वर आलेली असते आणि बांधाबांधांवरून ओल्या पेंढ्याचा वास येत असतो. मला तो वास आता नको वाटतो, पण वास काही आपल्याला विचारून येत नाही.

मंडईचा खरा मान मात्र देवीला नाही, लेकींना असतो. दिलेली लेक मंडईला माहेरी यायलाच हवी, आणि ती आपली आपण येत नाही. भावाने जायचं, तिच्या सासरी जेवायचं, सासूबाईंसमोर चार शब्द नरमाईने बोलायचे आणि तिला घेऊन यायचं. अशा भावाला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी आला नाही तर लेकीला बोलावणं नाही, इतका साधा हिशेब. माझी बहीण रुखमा माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात, म्हणून मीही तिला बाईच म्हणायचो. तिला बाघ नदीपलीकडे चिचटोल्याला दिली होती. दोन वर्षं मी तिला आणायला गेलो. दोन्ही वेळा ती माझ्या आधी तयार होऊन, गाठोडं बांधून ओसरीच्या खांबाला टेकून उभी होती. मला पाणीसुद्धा निवांत पिऊ दिलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी राज्यं बदलली. दिवाळीच्या तोंडावरच ते झालं. तोवर नदीच्या या काठाचे आणि त्या काठाचे आम्ही सगळे नागपूरचे. आता आम्ही राहिलो मध्य प्रदेशात आणि बाईचं चिचटोला गेलं मुंबई राज्यात. नदीत पाणी तेवढंच होतं, गाडीही तीच छोट्या लायनीची. पण आमच्या कचेरीत बदल ताबडतोब पोचला. मी नुकताच नकलनवीस म्हणून लागलो होतो. वीस वर्षांचं वय, खिशाला दौतीचा डाग, आणि डोक्यात एकच गोष्ट, की आता वर चढायचं तर हिंदी झाडून यायला हवी. मी घरातसुद्धा हिंदी बोलू लागलो. माय हसायची. बाबा म्हणायचे, पोरगं सायेब झालं. त्यात अभिमान किती आणि टोमणा किती हे मला कधी कळलं नाही, मी मात्र सगळा अभिमानच धरून चाललो.

त्या वर्षी बाईला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, म्हणून ठरलं असं, की मंडईला तिला आणायचं आणि मग ती बाळंत होईपर्यंत इथेच राहील. मायने जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली होती. शेजारगावच्या सुईणीला सांगून झालं होतं. ती सुईण म्हातारी होती, कटकटी होती, पण तिच्या हातून कोणी गेल्याचं कोणाला आठवत नव्हतं. मंडईच्या आदल्या दिवसाची रजा मी मागून ठेवली होती.

घोळ झाला तो तारखेचा. शेजारच्या मोठ्या गावाने त्यांची मंडई नेमकी आमच्याच दिवशी धरली, आणि आमच्या पंचांनी भांडत बसण्यापेक्षा आपली दोन दिवस अलीकडे ओढली. मला हे कळलं बालाघाटच्या बाजारात, गावाहून आलेल्या एका माणसाकडून, सकाळी अकराच्या सुमाराला. म्हणजे मंडई दुसऱ्याच दिवशी होती. दुपारची गाडी होती. साहेबांच्या पाया पडून अर्धी रजा मिळाली. त्या गाडीने मी चिचटोल्याला गेलो असतो, संध्याकाळी तिथे पोचलो असतो आणि सकाळच्या गाडीने बाईला घेऊन आलो असतो. सगळं जमत होतं.

पण मी दंडारीत राणी होतो. मंडईच्या दिवशी भर दुपारी देवीच्या पारासमोर आमची दंडार व्हायची, टिपऱ्यांचा नाच आणि मध्ये थोडं नाटक, आणि बायांची कामं अर्थातच पोरांनी करायची. मिशी न फुटलेलं तोंड आणि जरा बरा आवाज म्हणून राणी माझ्याकडे आली होती. दोन दिवस कमी झाल्यामुळे तालीम पुरी झालेली नव्हती. मी चिचटोल्याला गेलो तर राणीचं काम दुसऱ्याला जाणार होतं. आज हे लिहिताना मला लाज वाटते, आणि ती वाटावी म्हणूनच मी लिहितो आहे.

मी स्टेशनवर गेलो. तिकीट काढायला नव्हे, चिचटोल्याकडे जाणारं कोणी भेटतं का ते पाहायला. इस्माईलचाचा भेटले. ते बांगड्या भरत गावोगाव फिरायचे, आमच्या घरीही यायचे, आणि मंडईच्या दिवसांत नदीपलीकडची पाच-सात गावं करायचे. त्यांची बांगड्यांची पेटी डोक्यावरून उतरवायला मी हात दिला. चाचा मायशी, बाईशी, साऱ्या बायांशी आमच्याच बोलीत बोलायचे. त्यांनी मलाही मराठीतच विचारलं, "कुठी चालले बाबू?" मी मात्र कचेरीचा माणूस. आजूबाजूला चार लोक उभे होते. मी हिंदीत म्हणालो, "चिचटोला में मेरी बहन के घर बोल देना, कल मंडई है." चाचांनी मान हलवली, गाडीत चढले आणि पेटी मांडीवर घेऊन बसले.

मी तालमीला गेलो.

दुसऱ्या दिवशी मंडई फार छान झाली. हे वाक्य मला अनेक वर्षं लिहिता आलं नसतं. उन्हाला नुसती ऊब होती, ढाल पाराला टेकवून उभी केली तेव्हा मोरपिसं सगळी एका बाजूला झुकली होती, डफडी शेकायला पेटवलेल्या काड्यांचा धूर गर्दीतून फिरत होता. बाईचं एक हिरवं लुगडं मायच्या पेटीत होतं. ते नेसून मी राणी झालो. पुढे बसलेल्या एका म्हातारीने डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि मोठ्याने म्हटलं, अरे, हे तं रुखमा हाये! लोक हसले. मीही राणीचा तोरा सोडून हसलो. गर्दीच्या कडेला बाबा स्टेशनच्या वाटेकडे तोंड करून उभे होते. त्यांनी माझं काम पाहिलंच नाही. घरी मायने वडे झाकून ठेवले होते. संध्याकाळपर्यंत ती ते कोणाला हात लावू देईना, आणि मग तिने ते शेजारपाजारच्या पोरांना वाटून टाकले.

बाबांना राग सावकाश यायचा आणि आला की जायचा नाही. मी सांगितलं, निरोप दिला होता, बांगडीवाल्या चाचांच्या हाती. मुऱ्हाळी का गेला नाहीस, असं त्यांनी मला विचारलं नाही. माझी नोकरी नवी होती, रजा सहज मिळत नाही हे त्यांना माहीत होतं. दंडारीचं मी बोललो नाही. त्यांनी सगळा दोष व्याह्यांच्या माथी मारला. निरोप पोचूनही लेक धाडली नाही म्हणजे ही मस्ती आहे, असं त्यांचं ठरलं. पुढच्या रविवारी मी जातो म्हणालो तर म्हणाले, "जाऊ नोको. त्यायले गरज असन तं आनून सोडतीन." मी गेलो नाही. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. खळ्यावर धान चुरून झालं, घरात नव्या तांदळाचा वास भरला. माय रोज एकदा तरी ती शिवलेली दुपटी उन्हात घालायची आणि संध्याकाळी आत आणायची. पत्र लिहू का, असं मी एकदा विचारलं. लिहिणं हा माझा धंदा होता. बाबा नुसते पाहत राहिले, आणि मी कागद परत ठेवून दिला.

मी पुष्कळदा विचार करतो, की भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडायला माणसं एकमेकांसमोर तरी येतात. आमच्यात नुसतं वाट पाहणं चाललं होतं, तेही दोन्ही घरांत.

माघात चिचटोल्याहून माणूस आला. बाई बाळंत झाली होती, मुलगी होती, आणि बाई उरली नव्हती. त्या माणसाने हे तीन वाक्यांत याच क्रमाने सांगितलं. माय दुसऱ्या वाक्याला हसली होती.

मी आणि बाबा गाडीतून उतरलो आणि दोन कोस चाललो. लाखोरी फुलली होती. दोन्ही बाजूंना बारीक निळी फुलं, आणि बाबा पुढे, मान खाली. तिथे रडून झालं, पाणी देऊन झालं, आणि ओसरीवर बसलेली माणसं गप्प झाल्यावर बाबांनी भाऊजींना विचारलं, की निरोप धाडूनही लेक का पाठवली नाही. भाऊजींनी वर पाहिलं. रडून त्यांचे डोळे सुजले होते.

"आमाले बलावलंच कुठी तुमी? मंडई काल झाली, असा निरोप आला. झाल्यावर सांगाले निरोप धाडते का कोनी?"

बाबा म्हणाले, हे खोटं आहे. भाऊजी म्हणाले, मी शेतावर होतो, आईने निरोप घेतला, आईला विचारा. बाईची सासू दाराच्या आड बसली होती. ती तिथूनच म्हणाली, बांगडीवाला असंच बोलला, काल मंडई. बाबा उठले. दोन्ही बाजूंची माणसं मध्ये पडली. त्या गलक्यात मी एकटा बसून होतो, आणि मला स्टेशन दिसत होतं. मी म्हटलेला शब्द मला ऐकू येत होता. कल. हिंदीत पुढे 'है' आलं की येणारा दिवस. मराठी कानाला तो एका कान्याच्या अंतरावर आहे, आणि त्या कान्याने तो गेलेला दिवस होतो. दिवसभर काना-मात्रा तपासणारा मी नकलनवीस, त्या एका कान्याची मला शुद्ध राहिली नव्हती. आमच्या पट्ट्याबाहेर अशी चूक कोणी करणार नाही. तिकडे नुसती हिंदी आहे, पलीकडे नुसती मराठी. मधल्या आम्हा लोकांच्या तोंडात दोन्ही भाषा एकाच घासात असतात.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बाबा त्यांना खोटारडे म्हणत होते, ते बाबांना म्हणत होते, आणि खरं काय ते एकट्या माझ्याजवळ होतं. मी बोललो नाही.

निघायच्या आधी एक शेजारीण मला गोठ्यापाशी बोलावून घेऊन गेली. बाळंतपणात ती बाईजवळ बसली होती. म्हणाली, पोरगी दोन दिवस अडली होती, सुईण मिळाली ती नवखी होती. मग इकडे-तिकडे पाहून तिने सांगितलं, की मंडई होऊन गेल्याचं ऐकलं त्या दिवशी रुखमा बांगड्या भरायला पारावर आली नाही. घरातच गाठोडं सोडत बसली होती. कोणी विचारलं तर एवढंच म्हणाली, "मले नाही आनलं तं नाही आनलं. पन माया बिना मंडई केली त्यायनं." आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच विळा घेऊन कापणीला गेली.

फाल्गुनात इस्माईलचाचा आमच्याकडे आले. मायने त्यांना दारातूनच परत पाठवलं, आता या घरात बांगड्या कोणाला भरायच्या? मी त्यांच्यामागे वेशीपर्यंत गेलो आणि विचारलं, निरोप कसा सांगितला होता. त्यांनी पेटी खाली ठेवली. म्हणाले, घाईत होतो बाबू, पोरी पारावर जमल्या होत्या. दारातून म्हातारीला सांगितलं, तुम्ही बोलले तसंच, शब्दाला शब्द. "तुमी उद्या म्हनले असते तं मी उद्याच सांगतलं असतं." त्यांना पुढचं काही माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही. त्यांनी पेटी डोक्यावर घेतली आणि ते उन्हात चालू लागले.

पुढे बाबा गेले. माय गेली. शेवटपर्यंत दोघांच्या मनात एकच होतं, की त्या घराने लेक मुद्दाम अडवून ठेवली. मी त्यांना ते मानू दिलं, कारण ते मानल्याने माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं. माणूस मनात गुन्हा बाळगून किती नीट जगू शकतो, याचं मला कधी कधी आश्चर्य वाटतं. मी दोनदा बढती घेतली. हिंदी माझी आता इतकी चांगली आहे, की नवीन पोरं मला मराठी माणूस समजतच नाहीत.

बाईची मुलगी सुमन वाढली ती आजीच्याच मांडीवर. तिची माय झाली ती बाईची सासू, हे मला मान्य करावंच लागतं. बाबा गेल्यावर येणं-जाणं सुरू झालं. दरवर्षी मंडईला मी स्वतः जातो आणि सुमनला घेऊन येतो. रजा नाही मिळाली तरी जातो. यंदाही आणली. अठरा वर्षांची आहे, हसते तेव्हा वरचा ओठ बाईसारखा दुमडतो. तिची आजी गेल्या उन्हाळ्यात वारली.

काल दुपारी आम्ही अंगणात शिंगाडे सोलत बसलो होतो. मंडई होऊन गेलेली होती, गावात उसाच्या चिपाडांचा खच पडला होता. सुमनने सहज विचारलं, "मामा, त्या सालच्या मंडईले माया मायले काहून नाही आनलं?" अठरा वर्षांत हे मला पहिल्यांदाच कोणी समोरून विचारत होतं. मी सगळं सांगितलं. दंडार, राणी, स्टेशन, चारचौघांत बोललेली हिंदी, तो शब्द. सांगताना माझा आवाज नेहमीसारखाच निघाला, याचंही मला वाईट वाटलं. शेवटी म्हणालो, तुझ्या आजीचा दोष नाही पोरी, तिला हिंदी कळत नव्हती, तिने कल ऐकलं आणि काल समजली.

सुमनने पुढचा शिंगाडा सोलायला घेतला.

"आजीले हिंदी येत होती, मामा. तेंदूपत्त्याच्या फडावर मुनशीसंग ते हिंदीतच भांडे. मुनशी पुडके मोजाले 'कल आना' म्हने, अन् आजी दुसऱ्या दिवशी सकाळीच जाऊन बसे."

बोलता बोलता ती थांबली. आपण काय बोललो ते तिच्या लक्षात येत होतं, आणि ते येताना मी समोर बसून पाहत होतो. त्या साली कापणीला माणूस मिळत नव्हतं, असं आजी नेहमी सांगायची, हे ती नंतर अगदी हळू म्हणाली. मग तिने हातातला शिंगाडा टोपलीत ठेवला आणि उठून आत गेली. तिला वाढवणारी एक आजीच होती, आणि ती मी अर्ध्या दुपारीत तिच्याकडून काढून घेतली होती.

अठरा वर्षं ज्या कान्याला मी दोष देत आलो, तो म्हातारीने ऐकलाच नव्हता. हे कळल्यावर बरं वाटायला हवं होतं. क्षणभर वाटलंही. पण मी त्या गाडीत बसलो असतो, ओसरीवर जाऊन उभा राहिलो असतो, तर चुकीचं ऐकायची सोय त्या म्हातारीला उरली नसती.